उष्टांक

आमच्या कॉलेजचं कँटीन गप्प झालं, तेव्हा मला पहिल्यांदा त्या पट्टीची भीती वाटली.

तुम्ही आमचं कँटीन पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. कराडपासून एसटीनं अर्ध्या तासावर, कृष्णेच्या काठाला आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. एसटीला आता ड्रायव्हर नसतो, ती आपली आपण येते. कंडक्टर मात्र ठेवलाय, कारण खिडकीच्या जागेवरून भांडणारी माणसं आहेत तशीच आहेत. कॉलेजात वर्गापेक्षा कँटीनमध्ये जास्त शिकलं जातं, हे मी, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक इनामदार, शपथेवर सांगायला तयार आहे. एका मिसळीभोवती सहा जणं, सहा जणांची बारा मतं, आणि सांडलेल्या कटात बोट बुडवून टेबलावर काढलेल्या आकृत्या. त्या आरड्याओरड्यात मला माझा पेपर कधी वाचता आला नाही आणि त्याबद्दल मी रोज कुरकुर करायचो.

त्या दिवशी पेपर नीट वाचता आला. मान वर करून पाहिलं तर एकेका टेबलाला एकेक मूल, कपाळावर राखाडी पट्टी, कानांत बोळे. भरल्या कँटीनमध्ये चमच्यांचा काय तो आवाज.

हे असं का झालं, ते सांगायचं तर घोरपडे मॅडमपासून सुरुवात केली पाहिजे.

सुचेता घोरपडे मूळच्या मेकॅनिकलच्या. ठेंगण्या, आवाज खणखणीत, गालात कायम लवंग. माहीत असलेल्या प्रश्नांची उत्तरं यंत्रं देऊ लागली, तेव्हा विद्यापीठानं फर्मान काढलं की आता पोरांना नवं सुचायला शिकवा. 'सर्जनशील विचार' हा विषय सगळ्या शाखांना सक्तीचा झाला. तो घ्यायला कुणी पुढं येईना. मॅडम म्हणाल्या, "मी घेते." स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त मी हसलो. "विचार करायला शिकवणार? उद्या शिंकायला शिकवा!" आणि नुसती गंमत बघायची म्हणून त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो.

मॅडमनी विचारलं, "कॉलेजच्या गेटात पाणी तुंबतंय. काय करायचं?" पोरांनी भराभर सांगितलं, गटार काढा, मुरूम टाका, पंप लावा. मॅडमनी ती उत्तरं चिठ्ठ्यांवर लिहून घेतली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. "पहिली तीन उत्तरं तुमची नसतात रे, ती सगळ्या जगाची असतात. आता तुमचं सांगा." मग एक जण चाचरत म्हणाला, "मॅडम, गेटच हलवूया का?" सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "हलवूया. कुठं?"

त्यांचा आणखी एक नियम होता. दुसऱ्याच्या बोलण्याला आपलं जोडायचं ते 'आणि' म्हणून जोडायचं. 'पण' म्हणायला बंदी. मराठी माणसाला 'पण' सोडायला लावणं म्हणजे मांजराला दुधाचा उपास घडवणं. पण (बघा, मी काही सुधारलो नाही) तास संपेपर्यंत 'आणि, आणि' करत पोरांनी गेट चढावर नेलं, जुन्या खड्ड्याचं तळं केलं आणि तळ्यात कमळं लावली. पुढच्या वर्षी प्रिन्सिपॉलांनी गेट खरंच हलवलं. त्या दिवसापासून मी त्या बाईंचा भक्त झालो, आणि भक्ताच्या हक्कानं त्यांच्याशी रोज भांडतो.

आता पट्टीकडे येतो. ती पुण्याच्या एका कंपनीनं आणली. यंत्र चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? त्यामागचं शास्त्र सोपं आहे. आपला मेंदू सतत अंदाज बांधत असतो. जिन्याची पुढची पायरी कुठं असेल, समोरचा माणूस पुढं काय म्हणेल. अंदाज बरोबर निघाला की मेंदू स्वस्थ राहतो. विचाराचंही तसंच. मळलेल्या वाटेनं विचार चालला की आत काही हलत नाही. दोन लांबच्या गोष्टी अचानक एकत्र आल्या की अंदाज मोडतो आणि मेंदूत एक बारीक विद्युतलाट उठते. आपल्या तोंडून "अरेच्चा!" निघण्याआधीच ती उठते. पट्टी ती लाट पकडायची. तोच विचार जगात आधी कुणी केलाय का, तेही ती ताडून बघायची. शिवाय पट्टीला कान होते. आजूबाजूला कोण काय बोललं, ते ती ध्यानात ठेवायची आणि त्या ऐकलेल्याच्या आधारानं पुढचा विचार केला, तर तेवढा हिस्सा कापायची. शेवटी पडद्यावर एक आकडा यायचा, हा विचार किती टक्के दुसऱ्याचा, याचा.

कंपनीनं त्या आकड्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. आमच्या पोरांनी मेसच्या भिंतीवरच्या 'उष्मांक' तक्त्यावरून त्याचं 'उष्टांक' करून टाकलं. दुसऱ्यानं आधी चावलेला विचार तो उष्टा. उष्टांक जितका कमी, तितकं डोकं ताजं.

पहिले काही महिने मजेत गेले. आपल्या डोक्यातली लाट डोळ्यांनी बघून बुजरी पोरंसुद्धा धीट झाली. मग विद्यापीठानं जाहीर केलं की बंगळूरच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत दर कॉलेजातून एक जागा, ती सत्रअखेरच्या परीक्षेत सगळ्यात कमी उष्टांक येईल त्याला. झालं! दुसऱ्याचं ऐकलं की आपला आकडा चढतो, हे पोरांनी ओळखलं. मग ऐकायचंच कशाला? मॅडमच्या वर्गात 'आणि' म्हणणारं कुणी उरलं नाही.

मला सगळ्यात वाईट वाटलं ते केतकी जगदाळे आणि अल्फिया तांबोळीचं. दोघी पहिलीपासून एका बाकावरच्या, इथं हॉस्टेलच्या एका खोलीतल्या. एकीनं वाक्य सुरू करायचं, दुसरीनं संपवायचं. हजेरीत एकीचं नाव घेतलं की दोघींचा "यस सर" यायचा. पट्टीच्या हिशेबात केतकी कॉलेजात पहिली होती. ती जागा तिचीच, असं सगळेच धरून चालले होते. तिच्या घरातून जिल्ह्याबाहेर शिकायला गेलेलं आजवर कुणी नव्हतं, आणि तिची आई आतापासूनच बंगळूरला थंडी किती असते ते शेजारणींना विचारत होती. केतकीनं खोलीच्या मधोमध चादर बांधली. "तू मनातल्या मनात बोलत जा गं," ती अल्फियाला म्हणाली, "तुझं ऐकलं की माझा आकडा चढतो." अल्फियानं मान हलवली आणि त्यानंतर खरंच बोलणं बंद केलं.

एका दुपारी अल्फिया माझ्या लॅबमध्ये आली. "सर, आवाज शिळा होतो का?"

"काय झालं?"

तिची आई शाहीन सिस्टर नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेला मॉनिटर. बोटाचा चिमटा सरकला तरी बीप, सलाईन संपलं तरी बीप, पेशंटनं कूस बदलली तरी बीप. दिवसभर तेच ऐकून कान आपोआप मिटून घेतात. त्यातच एका म्हाताऱ्या पेशंटचा खरा बीप वाजला, आणि तो शाहीन सिस्टरना ऐकूच गेला नाही. शेजारच्या खाटेवरच्यानं हाक मारली म्हणून म्हातारा वाचला.

"अम्मीला कुणी काय बोललं नाही सर," अल्फिया म्हणाली. "मोठ्या डॉक्टरांनीपण सांगितलं, तुमची चूक नाही. तीच बसल्या जागी म्हणत राहती, मला ऐकू कसं आलं नाही? पहिल्यागत जेवत नाही. मी परीक्षेला हाच प्रश्न घेतलाय. नवा आवाज केला की आठ दिवसांत तोपण शिळा होतोय. उष्टांक नव्वद! साऱ्या जगानं आधीच करून बघितलंय म्हणं."

मी तिला चहा पाजला आणि पाठवून दिलं.

पुढच्याच आठवड्यात केतकी आली. तिचा प्रश्न वेगळा. "सर, दुपारी पंखा लावून झोपले होते. लाईट गेली आणि पंखा थांबला, तशी मी टक्क जागी झाले. आवाज झाला म्हणून जाग येती, हे कळतंय. आवाज थांबला म्हणून कशी येती?"

मी खूश होऊन समजावलं. पंख्याचा आवाज चालू आहे तोवर मेंदू त्याचा अंदाज बांधून स्वस्थ असतो, आपल्याला तो ऐकूही येत नाही. तो थांबला की अंदाज मोडतो आणि लाट उठते. पट्टी शोधते तीच लाट. झोपेतसुद्धा उठते.

"काहीतरी आहे यात सर, पण वापरायचं कुठं तेच कळंना. नुसतं एवढंच मनात आणलं तर उष्टांक सत्तर. लोडशेडिंगमुळं अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे म्हणे."

ती गेली आणि माझं डोकं भणभणायला लागलं. एका चादरीच्या दोन बाजूंना दोन अर्धवट घास पडले होते आणि मला दोन्ही दिसत होते. मी पळत मॅडमकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाल्या, "इनामदार, तोंडाला कुलूप लावा."

"अहो, एका वाक्याचं काम आहे! तिकडं वॉर्डात माणसं आहेत, काही वाटतं का?"

"वॉर्डात उद्यापासून आपली एनएसएसची पोरं पाळीनं बसणार आहेत. अल्फियाचं मला आधीच कळलं होतं, मी दवाखान्यात बोलून आलेय. परीक्षेपर्यंत नाही जमलं, तर मी स्वतः जाऊन सगळं सांगते. आज तुम्ही सांगितलंत, तर ते उत्तर तुमचं होईल, आणि या दोघी जन्मभर कुठल्यातरी मास्तराच्या तोंडाकडं बघत बसतील."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मॅडमना तर माझ्याहून जड गेलं. शिकवणाऱ्या माणसाला उत्तर माहीत असताना गप्प बसणं यापरतं अवघड काम नाही. वर्गात त्या दोघींच्या बाकांमधून फिरताना त्या मुठी आवळून धरायच्या, मी पाहिलंय. रोज त्यांच्यासमोर उभं राहून माझ्याच्यानं ते झालं नसतं.

परीक्षेचा दिवस आला. सेमिनार हॉलमध्ये प्लायवूडचे खण, दर खणात एकेक मूल. कंपनीचा निमिष नावाचा तरुण पडद्यासमोर. केतकीचा आकडा सकाळपासून सगळ्यांत खाली होता. तिनं पंख्याचा नाद सोडून भलताच विषय घेतला होता, बिनचाकाच्या सायकलीचा. नवा होता खरा, कारण तसली सायकल कुणालाच नको होती. ते तिलाही कळत असावं. चहाच्या सुट्टीतही पट्टी काढली तर परीक्षेतून बाद, असा नियम होता. त्या सुट्टीत ती कँटीनच्या कोपऱ्यात बसली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता, डबाही उघडला नव्हता.

अल्फिया पलीकडच्या टेबलावर. आईनं पाठवलेली शेंगदाण्याची चिक्की तिनं पिशवीतून काढली. एकच वडी होती. तिनं ती ओढणीच्या टोकात गुंडाळली आणि कापडावरूनच दातांनी कट्दिशी तोडली. मग उठली आणि अर्धी वडी केतकीसमोर ठेवून मुकाट्यानं आपल्या जागेवर जायला वळली.

केतकीनं त्या तुकड्याकडे बघत कानांतले बोळे काढले. "चिमणीच्या दाताने?"

कित्येक महिन्यांत ती अल्फियाशी आपणहून बोललेले हे पहिले शब्द. अल्फिया थबकली. "मग काय! पहिलीपास्नं तुला उष्टं चालत नाही."

"मी कधी म्हटलं चालत नाही?"

"तूच शिकवलंस की हे. आमच्याकडं ईदला सगळी एका परातीत हात घालतात. उष्टं काय असतंय, मला कुठं ठाऊक होतं?"

"अगं, बाई उष्टं देऊ द्यायच्या नाहीत वर्गात!" केतकीचा आवाज चढला. "आणि मला तर तुला द्यायचं होतं. म्हणून ते फडकं..."

तिचं वाक्य तिथंच अडकलं. ते संपवायला दुसरी होती, पण तीही गप्प होती. केतकीनं चिक्की तोंडात टाकली आणि कपाळावरची पट्टी सोडवून टेबलावर ठेवली.

"पट्टी घाल गं! जागा जाईल तुझी!" अल्फिया घाबरून म्हणाली.

"जाऊ दे. काय अडलंय तुझं? बोल."

"केतकी, आधी पट्टी..."

"बोल म्हणते ना!"

अल्फिया बोलली. बीप, अम्मी, शिळा होणारा आवाज, सगळं. केतकीचं चावणं मधेच थांबलं.

"मग आवाज करूच नको. असलेला आवाज थांबू दे."

"म्हणजे?"

"पंखा बंद पडल्यावर जाग येती ना? पेशंट बरा आहे तोवर खाटेपाशी बारीक घरघर चालू. काही बिघडलं की बंद!"

अल्फियानं स्वतःची पट्टी कधी काढली ते मला दिसलंच नाही. "आणि प्रत्येक खाटेची घरघर वेगळी..."

"आणि कुठली थांबली ते कळायला..."

"आणि वर दिवा! आणि वायर तुटली तरी घरघर बंदच होणार, म्हणजे यंत्र बिघडलं तरी कळणार!"

"आणि..."

टेबलावर चहा सांडला होता. त्यात बोट बुडवून दोघी खाटा काढत होत्या. माझ्या मागं कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. घोरपडे मॅडम उभ्या होत्या. "लवंग फार तिखट आहे हो," त्या म्हणाल्या. माझ्याही तोंडात लवंग असती, तर मीही तेच म्हणालो असतो.

निमिष धावत आला. "मॅम, पट्टी काढल्यावर आम्हाला काहीच मोजता येणार नाही!"

"नका मोजू."

त्याच्या हातातल्या पडद्यावर दोघींच्या नावापुढं 'मापन अशक्य' असं उमटलं होतं. पोरगा प्रामाणिक होता. त्यानं थोडा वेळ त्या दोघींचं ऐकलं आणि हळूच म्हणाला, "एका डोक्यातली लाट येते आमच्याकडे. दोघांच्या मधे जे होतं ते येत नाही."

"मग आधी ते शिका," मॅडम म्हणाल्या, आणि त्याला मिसळ खायला बसवलं.

बंगळूरची जागा सिव्हिलच्या एका मुलाला मिळाली. हुशार होता, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. केतकी त्या संध्याकाळी चांगली हुंदके देऊन रडली. जागा गेल्याचं दुःख तिला नव्हतं, असं मी म्हणणार नाही. आईला फोन करायचा तिला धीर होईना, तो अल्फियानं केला. चादर मात्र त्याच दिवशी सुटली.

यंत्र तयार व्हायला वेळ लागला. मॅडम वर्कशॉपमध्ये ठाण मांडून बसायच्या आणि पहिली तीन उत्तरं डब्यात टाकायच्या. आठ खाटांच्या आठ घरघरी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मी सुरांचं गणित करून दिलं. भजनात एक टाळ थांबला तरी बुवांना कळतं, तसं ते जमायला हवं होतं. दवाखान्यानं जुने बीप चालू ठेवून शेजारी हे लावून बघितलं, कित्येक दिवस ताडून बघितलं, आणि मग एकेक करून बीप बंद केले. ते यंत्र बनवायला पुढं आलेल्या निमिषच्या कंपनीनं नोंदणीसाठी विचारलं, "कल्पना कोणाची? एकच नाव द्या." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकदमच म्हणाल्या, "चिमणीची." आता त्या यंत्राला सगळे चिमणीच म्हणतात. विद्यापीठानं ऐकलेल्याचा हिस्सा कापायचा नियम काढून टाकला, आणि मला कँटीनमध्ये पुन्हा पेपर वाचता येत नाही.

परवा मी वॉर्डात गेलो होतो, चिमण्यांचे सूर तपासायला. शाहीन सिस्टरनी मला बसवून घेतलं. दोन कप चहा मागवला, बशीत खारी ठेवली. लेकीचं कौतुक करत होत्या, मधेच केतकीचंही, आणि कुणाबद्दल बोलतायत ते मला नीट कळत नव्हतं. खारी मोडून त्यांनी अर्धी माझ्या बशीत ठेवली. वॉर्डात शांत होतं, मला तरी कसलाच आवाज जाणवत नव्हता.

सिस्टर बोलता बोलता थांबल्या. मला वाटलं, घास अडकला. मी वर बघेपर्यंत त्यांची खुर्ची रिकामी होती. त्या पळत खिडकीशेजारच्या खाटेजवळ पोचल्यासुद्धा होत्या. खाटेवरचा दिवा लागलेला मला मागाहून दिसला. तिथल्या आजींच्या नाकावरची ऑक्सिजनची नळी सुटून उशीखाली गेली होती आणि ओठ निळे पडायला लागले होते. सिस्टरनी नळी बसवली, हात धरून ठेवला, डॉक्टरांना हाक मारली. हळूहळू आजींचे ओठ पहिल्यासारखे झाले, आणि मग त्या खाटेची घरघर पुन्हा सुरू झाली. आता कुठे ती मला ऐकू आली.

सिस्टर परत येऊन बसल्या. चहावर साय धरली होती, ती त्यांनी बाजूला केली.

"दमलात," मी म्हटलं. "थांबा, दुसरा चहा मागवतो."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

"ऐकू आलं, सर," त्या म्हणाल्या. "ऐकू आलं मला."